फोमचे पडके वाडे आणि आपल्या हाताचा भाव

(ग्रामसंघांच्या प्रतिनिधींसाठी झालेल्या हस्तकला प्रशिक्षणातलं भाषण. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे.)



मागच्या बैठकीत एका समूहाच्या बायकांनी प्रश्न विचारला होता. मोठ्या शहरांतली काही मंडळी मेजावर खेळायचा लढाईचा खेळ खेळतात, त्यासाठी फोमचे छोटे छोटे पडके वाडे, बुरूज, डोंगर विकत घेतात, तर हे काम आपल्याला जमेल का? पूर्वी आपण गणपतीची मखरं करायचो, ते थर्मोकोलवर बंदी आल्यावर थांबलं, पण हात तर तोच आहे. तेव्हा याबद्दल कुणीतरी नीट सांगा.

उत्तर आधीच सांगते. काम जमेल. पण दोन गोष्टी पक्क्या केल्याशिवाय हात घालू नका. एक, आपल्या तासाचा भाव. दुसरी, आपला श्वास. या कामात माल स्वस्त आहे, म्हणून घेणाऱ्याला वाटतं वस्तूही स्वस्तच असणार. आणि माल हलका, पांढरा, निरुपद्रवी दिसतो, म्हणून करणारीला वाटतं यात धोका कसला. दोन्ही समज खोटे आहेत. हे दोन मुद्दे मी शेवटाकडे घेणार आहे. आधी हा खेळ काय, वस्तू कशी करतात, हे बघू.

खेळ काय आहे

हा खेळ पटावरचा नाही. सारीपाटाला जशी घरं आखलेली असतात तशी यात नसतात. मोकळं मेज असतं, त्यावर दोन-अडीच बोटं उंचीच्या रंगवलेल्या बाहुल्या. कुणी जादूगार, कुणी तलवारवाला, कुणी राक्षस. प्रत्येक खेळाडूकडे पाच-दहा बाहुल्यांची टोळी. टेपने इंच मोजून बाहुली पुढे सरकवायची, फासा टाकायचा, वार लागला की चुकला ते ठरवायचं. मोठ्या फौजांचं युद्ध नसतं, दोन टोळ्यांची चकमक असते. म्हणून याला चकमकीचे खेळ म्हणू.

आता मेज सपाट ठेवलं तर खेळात मजाच नाही. धनुष्यवाला समोरच्याला सरळ बघतो आणि मारतो, संपलं. मध्ये पडकी भिंत असली तर आडोसा मिळतो. जिना असला तर वर चढून बघता येतं. अरुंद बोळ असला तर एकटा माणूस चौघांना अडवतो. मावळखोऱ्यात राहणाऱ्यांना हे शिकवायला नको, खिंड म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे या वस्तू मेजावरची शोभा नाहीत. खेळाचा निम्मा डाव त्यांच्यावर चालतो.

ही कल्पना जुनी आहे. 1812 साली प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीकडच्या एका राज्यात, रायस्विट्झ नावाच्या माणसाने राजाला युद्धाचा सराव करायचं एक मेज करून दिलं होतं, त्यावर जमिनीचे उंचसखल तुकडे हवे तसे मांडता यायचे. 1913 साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने घरात सैनिकांच्या खेळण्यांनी लढाई कशी खेळायची यावर ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. राक्षस आणि जादूगारांचे खेळ पुढचे. इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ 1983 सालचा. त्याच कंपनीने 1999 मध्ये ‘मॉर्डहाइम’ काढला. त्याची गोष्ट अशी की आकाशातून धूमकेतू पडून एक शहर उद्ध्वस्त झालंय, आणि त्या ढिगाऱ्यात पडलेले मौल्यवान खडे शोधायला टोळ्या आल्यात. 2015 साली ‘फ्रॉस्टग्रेव्ह’ आला. त्यात बर्फाखालून वर आलेल्या जुन्या शहरात जादूगार आपली माणसं घेऊन पोथ्या आणि खजिना हुडकतात. दोन्ही खेळांना भरपूर पडके वाडे लागतात. खेळाडूंनी ते घरच्या घरी करायला घेतले, आणि त्यातून ही कारागिरी वाढली.

आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात, गोणपाट चिखलात बुडवून डोंगर उभा करतात, अळीव पेरतात, वर मावळे मांडतात. तो किल्ला बघायचा असतो. हा किल्ला हाताळायचा असतो. शंभर वेळा उचलला, ठेवला, पेटीत भरला, तरी टिकला पाहिजे. एवढा एक फरक ध्यानात ठेवला की पुढची सगळी कामं का करायची ते कळतं.

माल कोणता, आणि कायदा काय म्हणतो

फोम तीन प्रकारचे. पहिला आपला ओळखीचा थर्मोकोल. दाण्यादाण्यांचा. कापला की दाणे सुटतात, घरभर उडतात, आणि त्यावर दगडाची रेघ नीट उमटत नाही. डोंगराच्या पोटात भरायला चालतो, वरून दिसणाऱ्या भागाला नाही.

दुसरा घट्ट फोम. याला व्यापारी एक्सपीएस बोर्ड म्हणतात. इमारतींच्या छताला, शीतगृहांच्या भिंतींना उष्णता अडवायला लावतात. बहुतेक वेळा निळा नाहीतर गुलाबी असतो, 25 किंवा 50 मिलिमीटर जाडीचा मिळतो. यात दाणे नसतात, आतून सलग असतो. नखाने दाबलं तर ठसा राहतो. खेळाचे वाडे याचेच करतात, कारण ठसा राहणं हाच याचा गुण.

तिसरा गादीचा, उशीचा, फ्रिजच्या आतला फोम. तो पीयू फोम. तो या कामात घ्यायचाच नाही. कारण श्वासाच्या मुद्द्यात सांगते.

आता कायदा. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्यानंतर केंद्र सरकारच्या नियमांनुसार 1 जुलै 2022 पासून देशभर सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली. घट्ट फोमही रसायनाने थर्मोकोलचाच भाऊ, दोन्ही पॉलिस्टायरीन. तेव्हा कुणी म्हणालं ‘हा थर्मोकोल नाही, चालतो’, तर तोंडी भरवशावर राहू नका. फोममध्ये विक्रीचं काम करायचं असेल तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोवर हीच कला पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि लाकडाच्या चिपांवर शिका. ठसा उमटवायचं तंत्र थोडं बदलतं, रंगाचं तंत्र शंभर टक्के तेच राहतं. पुठ्ठ्यावर शिकलेलं काही वाया जाणार नाही.

मापं आधी, सुरी नंतर

बाहुली साधारण 28 ते 32 मिलिमीटर उंच. तिच्या पायाखाली गोल चकती असते, बहुधा 25 मिलिमीटरची, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. सगळी मापं त्या चकतीवरून निघतात.

दार 40 मिलिमीटर उंच आणि किमान 30 रुंद, म्हणजे चकती आत जाते. जिन्याची पायरी 25 मिलिमीटर खोल, नाहीतर बाहुली उभी राहत नाही, घसरते. खऱ्या जिन्याच्या मानाने पायरी मोठी दिसते, पण दिसू दे. मजल्याची उंची 75 मिलिमीटर, कारण खेळणाऱ्याचा हात आत गेला पाहिजे. आडोशाची पडकी भिंत 25 मिलिमीटर, म्हणजे बाहुलीचं डोकं वर दिसतं आणि छाती झाकते. छप्पर असेल तर ते उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे.

एक पुठ्ठ्याची बाहुली आणि चकती कापून कामाच्या पाटावर कायम ठेवा. प्रत्येक टप्प्यावर ती उभी करून बघा. वाडा कितीही देखणा झाला आणि बाहुली त्यात उभी राहिली नाही, तर तो परत येणार.

पडका वाडा कसा करायचा

सुरुवातीला कोपऱ्याचा वाडा घ्या. दोन भिंती काटकोनात, बाकीचं घर पडलेलं. कोपऱ्यात 150 मिलिमीटर उंच, तिथून दोन्हीकडे उतरत जाणाऱ्या.

पहिलं, फोमची वरची गुळगुळीत साल काढून टाका. सालीवर ठसाही उमटत नाही आणि रंगही धरत नाही. मग 10 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढा. कटरचं पातं नवं पाहिजे. बोथट पातं फोम फाडतं. पातं लांब बाहेर काढायचं आणि सरकवत न्यायचं, दाबायचं नाही. विळीवर भाजी आपण सरकवतोच की, तसंच.

भिंतीचा वरचा काठ सरळ कापू नका. भिंत पडते ती दगडाच्या सांध्यात पडते. म्हणून आधी दगड आखा, मग त्या रेषांवरून पायऱ्यापायऱ्यांनी काठ तोडा. गवंडी सांधमोड करतात, वरच्या थराचा उभा सांधा खालच्या दगडाच्या मध्यावर येतो, ती इथे पाळायची. नकळत सांध्याखाली सांधा आला तर ज्याने कधी गवंडीकाम बघितलं नाही त्यालाही काहीतरी खोटं वाटतं.

दगड आखायला बोथट पेन्सिल किंवा संपलेलं बॉलपेन. एकदा हलक्या हाताने, दुसऱ्यांदा दाबून. मग अधल्यामधल्या दगडांचे कोपरे कटरच्या टोकाने उडवा. दोन-चार दगड अंगठ्याने आत दाबा, म्हणजे सगळे एका पातळीत राहत नाहीत. आता पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद घ्या, त्याचा ओबडधोबड गोळा करा आणि भिंतीवर थापत, फिरवत न्या. गुळगुळीत फोमवर दगडाचा खरबरीतपणा येतो. हे काम दोन मिनिटांचं, पण वस्तूचा चेहरा इथेच बदलतो.

लाकडी मजल्याला आइस्क्रीमच्या काड्या. तारेच्या घासणीने काडीवर एकाच दिशेने ओढलं की लाकडाच्या शिरा दिसतात. काडीचं टोक कात्रीने कापू नका, मोडा. मोडक्या वाड्यातली फळी मोडलेलीच असते.

खाली तळ पाहिजे, 3 मिलिमीटरचा एमडीएफ किंवा जाड पुठ्ठा. तळाची कड कानशीने उतरती करा, म्हणजे मेजावर मिसळून जाते. पांढऱ्या डिंकाने, म्हणजे फेव्हिकॉलने, चिकटवा. फोमला फोम चिकटवताना हवा लागत नाही म्हणून डिंक उशिरा वाळतो, टाचण्या टोचून रात्रभर ठेवा. पुठ्ठ्याचा तळ असेल तर एकाच बाजूला ओला डिंक लावू नका, पुठ्ठा वाकतो. दोन्ही बाजूंना लावा.

कापून उरलेला चुरा फेकायचा नाही. पडलेल्या भिंतीखाली ढिगारा असतोच. तोच तुकड्या-तुकड्यांनी तळावर चिकटवा, वर चाळलेली वाळू. माती वापरणार असाल तर तव्यावर भाजून घ्या, नाहीतर आतली कीड नंतर बाहेर येते.

रंग: ओल कुठे असते ते आपल्याला माहीत आहे

फोम मऊ आहे, कोपरे झडतात. म्हणून रंगाच्या आधी कवच चढवायचं. काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि फेव्हिकॉल एकत्र करून ब्रशने सगळीकडे लावा, सांध्यांतसुद्धा. एकही निळा ठिपका दिसता कामा नये. वाळल्यावर दुसरा हात. डब्यातला फवारणीचा रंग वापरू नका. त्यातल्या द्रावकाने फोम विरघळतो, डोळ्यांदेखत भिंतीला खड्डे पडतात. थिनर, पेट्रोल यांनीही तेच होतं. पाण्यातले रंगच घ्यायचे. भिंतीच्या इमल्शन रंगाचा लहान डबा घेतला तर स्वस्त पडतो आणि बरेच दिवस पुरतो.

काळ्यावर मध्यम करडा. ब्रश रंगात बुडवून फडक्यावर थोडा पुसायचा आणि भिंतीवरून न्यायचा, असा की सांधे काळेच राहतील. मग फिकट करडा, पण आता ब्रश जवळजवळ कोरडा. फडक्यावर इतका पुसायचा की हाताला लावला तर जेमतेम डाग उमटेल. मग भिंतीवरून भराभर फिरवायचा. रंग फक्त वर आलेल्या कडांना लागतो. याला कोरडा ब्रश म्हणतात, आणि या कामातलं सगळ्यात मोठं तंत्र हेच आहे. घाई करून ओला ब्रश फिरवला तर सगळी मेहनत एका रंगाखाली बुडते.

मधले काही दगड वेगळे रंगवा. एक पिवळसर, एक तपकिरी, एक हिरवट. दहातले दोन पुरे. त्यावर गडद तपकिरी रंगाचं पातळ पाणी सोडा. ते आपोआप खाचांत उतरतं. वाळलं की शेवटचा, अगदी फिकट कोरडा ब्रश फक्त वरच्या काठांवर.

इथपर्यंत कुणीही शिकेल. इथून पुढे तुमचं डोकं चालणार आहे. शहरातला मुलगा पडक्या भिंतीचा फोटो बघून रंगवतो. तुम्ही ती भिंत रोज बघता. ओल जमिनीतून वर चढते, म्हणून जोत्याजवळ भिंत काळपट असते. पागोळ्या पडतात तिथे चिखलाचे शिंतोडे असतात. खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून पाण्याचे ओघळ उतरलेले असतात. शेवाळ उन्हाच्या बाजूला कमी, सावलीच्या बाजूला जास्त. चुलीच्या जागेवरची भिंत पडक्या घरातही धुराने काळीच राहते. लोखंडी कडी होती तिथे गंजाची तांबूस रेघ खाली आलेली असते. पिंपळ उगवतो तो सांध्यात उगवतो. हे सगळं तुमच्या डोळ्यांत साठलेलं आहे. गावातल्या गढीसमोर, जुन्या वाड्यासमोर अर्धा तास उभं राहून बघा आणि वहीत लिहून आणा. हे शिक्षण विकत मिळत नाही.

सजावटीचा मालही आपल्या अंगणातला. वापरलेली चहाची पत्ती धुऊन, कडक वाळवून पसरली की पाचोळा दिसतो. लाकडाचा भुसा हिरव्या रंगात मळून वाळवला की गवत. काथ्या सोडवून छोट्या पेंढ्या लावल्या की शाकारलेलं छप्पर, उभा लावला की वाळलेलं रान. सुकलेल्या मुळीचा फाटा म्हणजे निष्पर्ण झाड. परदेशातले खेळाडूसुद्धा काथ्याची पायपुसणी कापून मेजावरची शेतं करतात. आपल्याकडे काथ्या आहे, शेतही आहे.

शेवटी पाण्यातलं, चमक नसलेलं वॉर्निश ब्रशने एक हात. पडका वाडा चकाकला की खेळणं वाटतो.

श्वासाचा मुद्दा

आता जरा गप्प बसून ऐका, कारण हे कुणी सांगत नाही.

फोम कापायला तापलेल्या तारेचं यंत्र मिळतं. लोण्यातून सुरी जावी तशी तार जाते, काम भराभर होतं. पण तार फोम कापत नाही, वितळवते. त्यातून स्टायरीन नावाची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली स्टायरीनला ‘माणसात बहुधा कर्करोग करणारं’ अशा गटात टाकलं आहे. एक वाडा केल्याने काही होतं असं मी म्हणत नाही. पण धंदा म्हणून बंद खोलीत रोज सहा तास करणारी बाई आणि सुट्टीत एक वाडा करणारा खेळाडू, यांचा हिशेब एक नाही.

म्हणून नियम असे. तारेचं काम घराबाहेर, पडवीत नाहीतर अंगणात, वारा पाठीकडून येईल असं बसून. तार कमीत कमी तापवायची. धूर दिसला म्हणजे तार जास्त तापली, लगेच कमी करा. पदर तोंडाला बांधल्याने वाफ थांबत नाही. एन-95 मास्कनेही वाफ थांबत नाही, तो फक्त धुळीसाठी. कानस किंवा सँडपेपर घासताना मात्र तो लावाच, आणि झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तारेजवळ थांबायचं नाही. आणि तो तिसरा, गादीचा पीयू फोम, त्याला तापलेली तार कधीच लावायची नाही. त्यातून सायनाइडसारखे विषारी वायू निघतात.

आणखी एक. उरलेला फोम चुलीत, बंबात, शेकोटीत घालायचा नाही. भुरकन पेटतो, काळा धूर होतो, आणि तो धूर आपल्याच घरात राहतो. चुरा ढिगाऱ्याला वापरा, डोंगराच्या पोटात भरा, राहिलेला पोत्यात बांधून कचरा गाडीला द्या.

खरं तर वाड्याचं काम साध्या कटरने होतं. तारेने वेळ वाचतो, एवढंच. ज्या समूहाकडे मोकळी हवेशीर जागा नाही त्यांनी यंत्र घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तासाचा भाव

आता वही काढा. समजा एका वाड्याला फोम, तळ, डिंक, रंग मिळून 180 रुपये लागले. पाती, ब्रश, वीज यांची झीज 30. पॅकिंग 50. झाले 260. आता तास मोजा. आखणी, कापणं, ठसे, चिकटवणं, रंगाचे पाच हात. वाळायचा वेळ सोडून, हात चालतो तेवढेच तास. समजा नऊ. समूहाने तासाला 60 रुपये मजुरी ठरवली तर 540. एकूण 800. हे आकडे फळ्यावर शिकायला घेतलेत, तुमचे आकडे तुमच्या वहीतून येतील.

आता गिऱ्हाईक येतं, वाडा हातात घेतं, म्हणतं, ‘हलका आहे, थर्मोकोलच तर आहे, साडेचारशे घ्या.’ आपण बायका काय करतो? घरबसल्या काम आहे, सुट्टा वेळ होता, म्हणून देऊन टाकतो. करा हिशेब. 450 मधून 260 गेले, राहिले 190. नऊ तासांना 190, म्हणजे तासाला 21 रुपये. शेतावर खुरपायला गेलेल्या बाईला कोणी 21 रुपये तास म्हटलं तर ती खुरपं उचलून घरी जाईल. मग घरात बसून, मान मोडून, डोळे ताणून केलेल्या कामाला आपण ‘हो’ का म्हणतो? कारण ते तास आपण लिहिलेलेच नसतात. फोमची पावती असते, हाताची पावती नसते.

भाव कमी करायचा रस्ता एकच, तास कमी करणं, मजुरी कमी करणं नव्हे. एकेक वाडा करू नका, सहा एकदम घ्या. एक जण कापेल, एक आखेल, दोघी रंगावर. पहिल्याचा हात वाळेपर्यंत सहाव्याचा लावून होतो. रंग एकदाच कालवायचा, ब्रश एकदाच धुवायचा. समजा असं करून नऊचे सहा तास झाले, तर मजुरी 360 आणि वाडा 620 ला पडतो. गिऱ्हाइकाला 180 रुपये सुटले आणि आपल्या 60 च्या भावाला धक्का लागला नाही. समूह म्हणजे नुसती बचत नाही, समूह म्हणजे हे पण आहे.

बाजार आणि कर्ज

हा खेळ खेळणारी मंडळी आपल्याकडे थोडी आहेत, आणि मोठ्या शहरांत आहेत. म्हणून यासाठी कर्ज काढू नका. समूहाच्या अंतर्गत कर्जातूनही नको. आधी एकच नमुना करा, कुणा खेळणाऱ्याला खेळू द्या, बाहुली कुठे अडकते ते विचारा. मागणी हातात आल्यावर, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन माल आणा. वस्तूवर किंवा जाहिरातीत कुठल्या कंपनीच्या खेळाचं नाव, चिन्ह छापू नका. वाडा आपला, नाव आपल्या समूहाचं.

आणि एवढ्या एकाच बाजारावर बसू नका. दगड उठवायचा, ओल दाखवायची, कोरडा ब्रश फिरवायचा हात एकदा बसला की शाळेला पाणलोटाचं मॉडेल लागतं, गावाच्या यात्रेला देखावा लागतो, दिवाळीला किल्ल्याचे बुरूज लागतात. ही कामं पुठ्ठ्यात आणि लगद्यात होतात, बंदीचा प्रश्न येत नाही, आणि गिऱ्हाईक तालुक्यातच आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. किल्ल्याची हाताने केलेली, मापात असलेली प्रतिकृती कुणीतरी करणारच. ती आपण का करू नये?

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक समूहाने एक भिंत करून आणायची. पुठ्ठ्यावर लगदा थापलेली, सहा इंच लांब, तीन इंच उंच, त्यात एक दार 40 मिलिमीटरचं. रंग घरात असेल तो. आणि भिंतीबरोबर एक कागद आणायचा. त्यावर दोनच आकडे. माल किती रुपयांचा, आणि तास किती लागले. भिंत वाकडी असली तरी चालेल, ती सुधारता येते. तासांचा आकडा मात्र कोरा ठेवू नका.